सुलतानचा रतीब

हौटेम, ८ ऑगस्ट १९१४

कोलेताताईस,
धाकट्या ओडिलचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी रोज पुढे ढकललं, हे आधीच कबूल करतो. ब्रुगेच्या छावणीतून लिहिणार होतो, तर तिथे बूट वाटायला घेतले. मग आगगाडीत लिहायचं ठरवलं, पण खिडकीजवळची जागा मिळाली. स्टेशनास्टेशनावर बायका डब्यात फुलं नि पाव फेकत होत्या, त्यात एक पाव सरळ माझ्या नाकावर बसला. इथे मुक्कामाला आलो तर शेतकऱ्याच्या परसात प्लम लगडलेले. शेवटी सार्जंट बोसार्टने माझ्या हातात पेन्सिल कोंबली आणि घरी पत्र गेल्याशिवाय सूप मिळणार नाही असं बजावलं. तेव्हा या पत्राचं पुण्य त्याचं.

लढाई कशी लागली हे मला नीट सांगता यायचं नाही. जूनमध्ये तिकडे लांब ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, तेव्हा मी जत्रेत झोपाळे फिरवत होतो. एकाने पेपर मोठ्याने वाचून दाखवला आणि दुसऱ्याने त्याच पेपरात तळलेले बटाटे बांधून घेतले. त्या गोळीचा आवाज फ्युर्नेपर्यंत येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मग ऑस्ट्रिया सर्बियावर धावला, रशिया ऑस्ट्रियावर खवळला, जर्मनी दोघातिघांवर. आणि फ्रान्सला जायचा सोपा रस्ता म्हणे आपल्या घरातून! वाट द्या, नाहीतर दार मोडून जाऊ, असा निरोप आला. आपण नाही म्हणालो. एवढासा देश, पण नाही म्हणालो. ते ऐकलं तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की नव्या कॉलरचं बटण तुटलं.

सुलतान मजेत आहे. घरी दुधाची गाडी ओढायचा, इथे मशीनगनची ओढतो, एवढाच त्या कुत्र्याच्या लेखी फरक. जोडीला तास नावाचा ब्रुगेचा एक पिवळा कुत्रा आहे, जरा भांडखोर. गावात सगळ्यांना वाटतं की बाबांनी कुत्रा देशाला दिला. मलाही तसंच वाटलं होतं. पण बाजारचौकात पट्टा माझ्या हातात देताना ते कानाशी म्हणाले की तू कुठल्याच कामावर टिकत नाहीस, हा टिकतो. म्हणून मी तुला याच्यावर सोपवतोय, याला तुझ्यावर नाही. आता बोल.

बाबांना नमस्कार. माझ्यावर जेवढा राग आहे तेवढा लोभही असू दे.

तुझा,
ओडिल

—

फ्युर्ने, ११ ऑगस्ट १९१४

चि. ओडिल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. सार्जंटसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, असंच उपाशी ठेवत जा.

बाबांचा गुडघा तुला ठाऊकच आहे, म्हणून सुलतान गेल्यापासून गाडी मीच ओढते. पहिल्या दिवशी मठाच्या चढावर तोंडाला फेस यायचा बाकी होता. नोटरीच्या घरची स्वयंपाकीण सिडोनी दारात कमरेवर हात ठेवून उभीच. नवा कुत्रा अंगाने जरा बारीक आहे पण तोंडाने जुन्याहून भारी, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. मी तिच्या मापात दूध ओतताना एक थेंब जास्त पडू दिला नाही.

बाबा तुझ्याबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. पत्रात सुलतानचं काय लिहिलंय एवढंच विचारतात, आणि तेवढ्यासाठी अख्खं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. काल बेकरीवाला कमील पाव घेऊन आला आणि हसत म्हणाला की तुमचा ओडिल पंधरा तारखेच्या मेरीच्या सणापर्यंत जरी पलटणीत टिकला तरी मी केक पाठवीन. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण तो गेल्यावर मला म्हणाले की पोराला लिही, संध्याकाळी सुलतानच्या पोटाचा पट्टा एक भोक सैल करायचा, आणि पंजांना चरबी लावायची. डोळे पुसायला रुमाल काढला, तो नाकाला लावला.

ओडिल, इथे सगळे जर्मनांना अडवून धरणाऱ्या लिएजच्या किल्ल्यांचं नाव घेतात आणि छाती काढून चालतात. मला छाती काढायला पट्टा आड येतो. माझं एवढंच मागणं आहे की सुलतानला घरी घेऊन ये, आणि त्याला घेऊन यायला तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहा. बाकी काही नको.

खुशाली कळवत जा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

कोलेता

—

हालेनजवळ, १४ ऑगस्ट १९१४

कोलेताताईस,
सा. न. वि. वि.

कमीलला सांग, केकात मनुका घालायच्या.

परवा आम्ही लढलो. भर उन्हात हौटेमहून चालत निघालो, जिभा कुत्र्यांच्याही बाहेर आणि आमच्याही. हालेनला पोचलो तर सकाळपासून जर्मन घोडेस्वार आपल्या लोकांवर चालून येत होते. शेताच्या कुंपणात, गव्हाच्या पेंढ्यांत घोडे पडलेले. मी एक हिवाळा समुद्रात कोळंबीची जाळी ओढणाऱ्या घोड्यांबरोबर काढलाय ना, म्हणून आधी मला घोडेच दिसले. एक काळी घोडी अजून मान उचलत होती. चकचकीत शिरस्त्राणं बीटच्या वाफ्यांत घरंगळलेली, जत्रा उठून गेल्यावर मागे खेळणी पडून राहतात तशी. असो. भलतीकडेच चाललो.

आमची मशीनगन एका वाडीच्या कुंपणामागे लावली. कुत्र्यांना मागच्या खड्ड्यात बसवलं आणि मला त्यांच्याजवळ. मग तोफा सुरू झाल्या. ताई, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मागे मक्याचं शेत होतं, त्यात शिरलं की माणूस गायब. माझे पाय आपोआप तिकडे वळले होते. तेवढ्यात सुलतानने नुसतं माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. सिडोनी माप आणायला आत जाते तेव्हा तो जसा दाराकडे बघतो, तसं. येईल परत, असं. मी बसलो.

मग हुकूम आला, गाडी डावीकडे हलवा, इथे नेम धरलाय. गन गाडीवर चढवली. तास उठला. सुलतान उठेना! मी ओढलं, सार्जंट बोसार्टने ढकललं, ब्रुगेच्या भाषेत त्याच्या सगळ्या खानदानाला हाका मारल्या. ढिम्म. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दूध घातल्यावर कॅनचं झाकण वाजल्याशिवाय हा कुठलं दार सोडतो? मी जेवणाच्या डब्याचं झाकण काढून चमच्याने टणकन वाजवलं. त्यासरशी गडी उठला आणि गाडी घेऊन असा निघाला की मलाच मागून पळावं लागलं. आम्ही डावीकडे पोचलो न पोचलो तोच जुन्या जागेचं कुंपण हवेत उडालं.

संध्याकाळी जर्मन मागे फिरले. खरंच फिरले, मी त्यांच्या पाठी बघितल्या. आपली माणसंही खूप गेली, त्यांची नावं घेताना सार्जंटचा आवाज फाटत होता. पण आम्ही उभे होतो. आता सार्जंट पलटणीत कुणालाही जेवताना डबा वाजवू देत नाही, सुलतान जेवण सोडून चालायला लागतो म्हणून.

बाबांना सांग, पट्टा रोज सैल करतो.

तुम्हा दोघांच्या मायेचा भुकेला,
ओडिल

—

फ्युर्ने, १९ ऑगस्ट १९१४

चि. ओडिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं आणि बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, चिडले. तर लंगडत लंगडत आधी बेकरीत गेले, मग नोटरीच्या मागच्या दाराला, मग मठात. येताना केक घेऊन आले. मनुका नव्हत्या, पण तू इथे नव्हतास म्हणून आम्हीच खाल्ला.

सोबत पार्सल आहे. त्यात खाऊ असेल अशा आशेने उघडू नकोस. आपल्या जुन्या कॅनचं पितळी झाकण आहे, एका बाजूला चेपलेलं, जे फुटक्या घंटेसारखं वाजतं आणि ज्याने सगळी गल्ली जागी होते. बाबा म्हणतात, डबा नि चमचा हा काय आवाज झाला? जनावराला फसवू नये. आणि आणखी एक सांगितलंय. हे झाकण दुसऱ्यांच्या दारापुरतं. आपल्या दारात सुलतान झाकणाने उठत नाही, कारण तिथे रतीब संपतो. तिथे पट्टाच सोडावा लागतो, आणि तो बाबांच्या हातूनच. हे तू विसरलास असं त्यांना वाटतं. मला नाही वाटत.

पलटण अँटवर्पकडे सरकतेय असं ऐकलं. जपून राहा, आणि लोभाची आठवण म्हणून का होईना, दोन ओळी टाकत जा.

कोलेता

—

अँटवर्प, ४ ऑक्टोबर १९१४

कोलेताताईस,
सा. न. वि. वि.

दीड महिन्यात तीनदा पत्र सुरू केलं. एकावर पाऊस पडला, एकात सार्जंटने तंबाखू गुंडाळली, तिसरं मीच फाडलं. त्यात रडगाणं होतं.

तास गेला. नदीच्या पुलाजवळ तोफगोळा पडला. सुलतान त्याच्याशेजारी होता आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही, फक्त दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही. दुसरा कुत्रा मिळेना, घोडे तर आधीच संपलेले. एकट्याने गाडी हलेना. मग मी तासचा पट्टा उचलला, बक्कल दोन भोकं वाढवली आणि स्वतःच्या खांद्यावर चढवला. आता जोडीला मी आहे. हसून घे. तू तिकडे जुंपलेली, मी इकडे जुंपलेला, आणि ज्यांच्या गाडीला हात लावायला नको म्हणून मी घरातून पळायचो, ते बाबा खुर्चीत! सुलतानची पावलं आखूड, माझी लांब, म्हणून सुरुवातीला गाडी वेडीवाकडी जायची. शेवटी मीच माझी चाल बदलली. तो काही बदलणाऱ्यातला नाही.

इथल्या किल्ल्यांचं काही खरं नाही. जर्मनांच्या तोफा एवढ्या मोठ्या आहेत की गोळा येताना आगगाडी येते असं वाटतं. पोरं रात्रंदिवस हॉलंडचं बोलतात. हद्द इथून जवळ आहे, आणि तो देश लढाईत नाही. पलीकडे गेलं की बंदूक टाकायची आणि लढाई संपेपर्यंत गरम जेवण, कोरडं अंथरूण. ताई, मला नवा देश बघायची केवढी हौस, तुला ठाऊक आहे. पूर्वीचा असतो तर आतापर्यंत तिथलं चीज खाऊन तुला चव कळवली असती. पण खांद्यावर पट्टा आहे, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते तू जाणतेस. झाकण माझ्या छातीशी, शर्टाच्या आत. थंडगार लागतं पण बरं वाटतं.

बाबांना विचार, माणसाच्या खांद्याला कुठली चरबी चालते?

लांब असलो तरी मला घरातलाच धरा.

ओडिल

—

फ्युर्ने, १५ ऑक्टोबर १९१४

चि. ओडिल यास,
ताईचे पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते माहीत नाही, तरी लिहिते. अँटवर्प पडलं. कालपासून आपली फौज न्यूपोर्टच्या रस्त्याने येतेय. चिखलाने माखलेली पोरं, कुणाच्या पायात बूट नाहीत, पण बंदुका खांद्यावर आहेत. पुढे इसेर नदीवर उभं राहायचं म्हणतात. नदीच्या मागे आता आपल्या देशाचं एवढंच उरलंय, शेवटची चार शेतं नि आपलं फ्युर्ने. मी सगळं दूध त्यांना वाटलं. प्रत्येकाला तुझं नाव विचारलं. कुणाला काही ठाऊक नाही.

कमीलचा मेहुणा तिकडून आला. त्याच्या सांगण्यावरून हजारो शिपाई हॉलंडमध्ये गेले. कमील आता थट्टा करत नाही, तेच जास्त लागतं. टोपी हातात धरून म्हणाला, ओडिलही तिकडेच सुखरूप असेल, वाईट वाटून घेऊ नका. बाबा पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले. पट्टा खांद्यावर असताना माझा मुलगा कुठेही जात नाही, असं म्हणाले. माझा मुलगा, असं म्हणाले रे! मग खिडकीशी जाऊन बसले, ते अजून तिथेच आहेत. जेवायलाही उठले नाहीत. तू हॉलंडात असलास तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त बाबांना हे कसं सांगू, तेवढं…

थांब. गल्लीच्या तोंडाशी काही गडबड चाललीय. गाड्या अडल्यात वाटतं. कुणीतरी जोरजोरात शिव्या देतंय, ब्रुगेकडच्या.

ओडिल, झाकण वाजलं. चेपलेलं.

बाबा उभे राहिले, काठीशिवाय. डोळे मिटून ऐकतायत. हा मठ, म्हणाले. पुन्हा वाजलं. कमीलची बेकरी. शिव्या जवळ आल्या. तो सार्जंट तुझाच असणार, एवढ्या शिव्यांत एकही दोनदा आली नाही. आता नोटरीचं दार. सिडोनी किंचाळली, मग रडली, मग ओरडली की मेल्या, एवढ्या दिवसांनी आलास आणि दूध कुठाय?

आपल्या दारात गाडी थांबलीय. चिखलाने माखलेला सुलतान, आणि त्याच्या जोडीला पट्ट्यात दाढी वाढलेला कुणी पोरगा. सार्जंट झाकण घेऊन वाजवतोय, वाजवतोय, आणि दोघांपैकी एकही जागचा हलत नाही.

पत्र इथेच ठेवते. बाबा कधीच बाहेर पोचले. दारात गुडघे टेकून बसलेत आणि मला हाका मारतायत, आधी कुणाचा पट्टा सोडू म्हणून.