साहेबांची पाती

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? आईला सारखी जिने चढू देऊ नका.

एक बातमी आहे. माझं मिश्रधातूवरचं संशोधन स्वतःच्या नावावर खपवून मला नोकरीवरून काढणारे साहेब आठवतात ना? तुम्ही माझ्यासाठी रदबदली करायला गेलात, तेव्हा त्यांनी तुम्हाला शिपायाकरवी बाहेर काढलं होतं. आता त्यांचा स्वतःचा कारखाना आहे. तिथे ओतलेली जेट इंजिनाची पाती मंजुरीसाठी माझ्याच प्रयोगशाळेत आली.

खरं सांगते, दोष सापडावा म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसले होते. सापडला. पात्यांच्या मुळाशी केसासारखी बारीक भेग होती.

साहेब धावत आले. म्हणाले, "पोरी, तू तर घरचीच. एवढं सांभाळून घे, नाहीतर मी बुडेन."

मी त्यांना सगळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "साहेब, काय दिसतंय ते मोठ्याने सांगा."

ते पुटपुटले, "भेग आहे."

"ऐकू नाही आलं."

तीनदा वदवून घेतलं, बाबा. मग सगळा माल परत पाठवला.

झोप मात्र अजून नीट लागत नाही. भेग नसती तर मी काय केलं असतं, हे तेवढं विचारू नका.

आई म्हणेल, झालं ना मनासारखं, आता सोड तो राग. तिला सांगा, त्यांची भट्टी तपासायला पुढच्या महिन्यात मी स्वतः जाणार आहे.

तुमचीच हट्टी,
थोरली