ऑरिनदादाच्या नंबरवरचं अपग्रेड

डुलुथ, रविवार

प्रिय ऑरिनदादा,

मार्नाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तळ्यावर बर्फ पक्का धरला असेल. मासे गळाला लागतायत का, ते विचारत नाही. लागले नाहीत तरी तू लागले म्हणूनच सांगशील. फोन सोडून पत्र का लिहितेय, ते पुढे येईलच. (तुझा फोन हरवलाय हे मला ठाऊक आहे. कुठे आहे तेही आता ठाऊक आहे. जरा दम धर.)

ब्रिटाचे दिवस भरत आलेले. जावई डकोटात तेलविहिरीवर, पोरगी पुलापलीकडे एकटी. वेंडलने, बापच ना तो, तिला शब्द दिला होता, "पहिली कळ आली की मला फोन कर, मी गाडीला बर्फ हटवायचा फाळ लावूनच बसतो." माणूस शब्दाचा पक्का, पण फोन कच्चा. थंडी लागली की तो मान टाकायचा. म्हणून मंगळवारी, भर हिमवर्षावात, मी ह्याला ओढत फोनच्या दुकानात नेलं. माझा फोन गाडीतच चार्जिंगला लावून ठेवला.

काउंटरवरच्या बाईने आपला फॅमिली प्लॅन उघडला आणि म्हणाली, "नवा फोन मिळण्याजोगा या सगळ्यात एकच नंबर आहे." माझी मुदत व्हायची होती. वेंडलच्या आधीच्या फोनचे हप्ते अजून चालू आहेत, आणि तो फोन तळ्याच्या तळाशी आहे. पात्र कोण? तू! तो उघडझाप करणारा फोनचा डबा तू इतकी वर्षं बदलला नाहीस, म्हणून सगळ्यात मोठा मान तुझा. बाई म्हणाली, "त्यांचं अपग्रेड, म्हणजे नव्या फोनचा हक्क, तुमच्या नंबरला देता येईल, पण मुख्य खातेदाराची संमती लागेल." आई गेल्यावर प्लॅन तू नावावर करून घेतलास, तेव्हा खातेदारही तूच. "त्यांच्या फोनवर आकडे पाठवते, ते मला सांगा," म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

वेंडलच्या कोटात टिंग वाजलं.

दादा, मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. गेल्या थँक्सगिव्हिंगला हा टर्की तळत असताना ओसरीचा कठडा पेटला, तू हसलास, ह्याने तुला "चालता हो" म्हटलं, आणि तू गेलास. तुझा फोन सोफ्याच्या फटीत राहिला. तो ह्याला सापडला होता, आणि तेव्हापासून हा तो रोज चार्ज करून खिशात घेऊन हिंडत होता.

"परत का नाही दिलास?" मी विचारलं.

"शोधायला तरी फोन करेल म्हटलं," हा बुटांकडे बघत म्हणाला. "मग मी उचलला असता."

बाई म्हणाली, "आकडे सांगताय ना? थोडाच वेळ चालतात ते." वेंडलने फोन माझ्यापुढे धरला. "सांग, मार्ना. पोरीसाठीच तर आहे." माझ्या जिभेवर आकडे आले होते. तुला न विचारता तुझी वस्तू घ्यायची, आणि तीही तुझ्याच फोनवरून! पण ब्रिटा एकटी होती. मी तोंड उघडलं आणि फोन वाजला.

"मामा!" ब्रिटा रडत होती. "आई-बाबा कुठे आहेत? दोघंही उचलत नाहीयेत."

"बाबाच बोलतोय," वेंडल म्हणाला. "निघालोच."

पुलावर समोरचं काही दिसत नव्हतं. हा गाडी हाकत होता, मी तुझा डबा कानाला धरून पोरीला बोलतं ठेवत होते. अर्ध्या पुलावर तिचा आवाज थांबला. फोन चालू होता, पण पलीकडे काहीच नाही. मी हाका मारत राहिले. वेंडलने वेग वाढवला, आणि मी त्याला अडवलं नाही. घरात शिरलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर, भिंतीला टेकून, घामाने निथळत बसलेली. फोन हातातून निसटून फ्रिजखाली गेला होता. "मामाकडे तुम्ही काय करत होता?" एवढंच विचारलं तिने.

दवाखान्यात वेळेवर पोचलो. मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. बाळ रागीट आहे, कुणावर गेलंय ते मी सांगणार नाही.

प्रकृतीला जप. मफलर विणायला घेतलाय.

तुझी धाकटी,
मार्ना

ता. क. आकडे मी सांगितले नाहीत. दुकानात खातेदार स्वतः ओळखपत्र घेऊन आला तर काम लगेच होतं म्हणे. तेव्हा येत्या शनिवारी ये, आणि येताना लायसन्स आण.

ता. क. २ वेंडलने वरचं सगळं वाचलं. म्हणतो, "ते अपग्रेडचं खोड. तेवढ्यासाठी तो येणाराय होय?" मी खोडलेलं नाही. तू निदान नाही म्हणायला तरी येशील.