खोडरबराने पुसलेली दोरी

मी, शशिकला अवधूत टिपणीस, वय ७३, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय करते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचं वाचल्यावर माझा पुतण्या निनाद तो मागणारच.

१. राहता फ्लॅट आणि दागिने माझी मुलगी ऋचा हिला. त्यात कुणी लुडबुड करू नये.

२. माझ्या दिवंगत नवऱ्याने पेन्सिलने काढलेली जनावरांची एकशे बारा चित्रं निनादला हवी आहेत. त्यांचं त्याला कायमचं दालन करायचं आहे. मागच्या प्रदर्शनात त्याने शेळीच्या चित्राखाली पाटी लावली होती : ‘शरणागतीतली अथांग करुणा.’ लोक ती वाचून डोळे पुसत होते. मला किळस आली. मी चहा न घेता घरी आले.

३. आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं, इथे एकेरीत लिहिते. जनावर हललं की अवधूतचं टाळकं सटकायचं. म्हणून पाय खुंटांना आवळून बांधायचे आणि चित्र पुरं होईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही. मग कागदावरची दोरी तेवढी खोडरबराने पुसायची. पण तो पेन्सिल दाबून चालवायचा. कागद उजेडात तिरका धरला की दोरीचे चर अजून दिसतात. निनादला खोल अर्थ शोधायची हौस आहे, तर त्याने तिथे बोट फिरवावं.

४. शेळीचं चित्र करंजाड्याच्या जनीला द्यावं. शेळी तिची होती, दोन दिवसांसाठी विश्वासाने दिलेली. न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, “बाई, हिच्या पायाला ह्ये वळ कसलं? तुमी बांदलेली का?”

“कुंपणात अडकली गं,” मी म्हटलं.

“तुमी सांगता तर तसंच असंल,” म्हणाली आणि गेली. शेळी कायमची लंगडी झाली. चित्र ठेवायचं की चुलीत घालायचं, ते जनी ठरवील.

५. बाकीची चित्रं निनादला, पण प्रत्येकाखाली या मृत्युपत्राचं तिसरं आणि सहावं कलम मोठ्या अक्षरांत लावायचं. “काकू, लोकांना हे बघवणार नाही,” असं तो म्हणेलच. अट मोडली तर ऋचाने सगळी चित्रं परत घेऊन जाळावीत.

६. अवधूतला साधी गाठ मारता येत नव्हती. त्या एकशे बारा जनावरांचे पाय मी बांधले.

स्थळ : पनवेल
दिनांक : १७ जानेवारी २०१३
सही : शशिकला अवधूत टिपणीस

वरील सही आम्हां दोघांच्या समोर झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार : महादेव धर्मराज पाटील, वसुंधरा कर्णिक