खोलीबाहेरच्या चपला

दस्मान, शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९६०

आज खोटं बोललो, तेही जुम्म्याच्या नमाजावरून परतताना. जिन्यात अरब घरमालक उभा. वरच्या खोलीबाहेरच्या वीसेक चपला दाखवून म्हणाला, "आत काय चाललंय?" खोली माझ्या नावावर. आत संतोखसिंग सुतार आणि त्याची शीख मंडळी ग्रंथापुढे पाठ करत बसलेली. या अरबी मुलुखात परधर्माची प्रार्थना चाललीय हे कळलं, तर खोली गेलीच. म्हणालो, "एकाला मुलगा झालाय, त्याची दावत आहे." म्हातारा खूश! पुढच्या जुम्म्याला बाळाला बघायला येतो म्हणाला.

संध्याकाळी संतोखला सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने रंधा खाली ठेवला. "आफ्रिकेत माझ्या बापाने नि रेल्वेच्या मजुरांनी ड्यूटीनंतर पत्रे ठोकून गुरुद्वारा उभा केला. दार मुद्दाम रस्त्याकडे ठेवलं. आणि मियाँ, तू आम्हाला पाळण्यात लपवलंस?"

मी वाचवलं कुणाला? त्यांना की मला? निदान चपला तरी आत घ्यायच्या होत्या! पण मशिदीबाहेर मी माझ्या कधी लपवतो का?

"मालक येणार त्याचं काय?" मी विचारलं.

"येऊ दे. चपला त्यालाही बाहेरच काढाव्या लागतील."

आणि नाही काढल्या तर? खोली माझ्या नावावर आहे, दारात त्याला मलाच सांगावं लागेल.