कुंकू का बुक्का

माय,

आज टपालानं मोठं पाकीट आलं. तुझे दोन फोटो, एक पत्र, आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. मला खर्च काही नाही, पोस्टमनला चहा तेवढा झाला. तुझी पंचमीची गाणी टीव्हीवाल्यांनी रंगीत घेतली होती, पण उरलेली प्रत काळी-पांढरी. अशा प्रतींमधला हरवलेला रंग परत आणणारे लोक आहेत. त्यांनी मागं विचारलं होतं, आठवतील ते रंग लिहा. मी लिहिलं, लुगडं हिरवं, काठ जांभळा, कपाळाला काळा बुक्का.

बुक्का नव्हता, हे आपल्या दोघींनाच ठाऊक. माझ्या वडलांना, दादांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. टीव्हीच्या केंद्रात मी भाकरीचा डबा धरून कोपऱ्यात बसलेली. तिथली चेहरे रंगवणारी बाई तुझी हनुवटी धरते, कुंकवाचं बोट कपाळाला टेकवते. तू आता नको म्हणशील असं मला वाटतं, अन् तू म्हणतेस, "जरा मोठं लावा."

गाणी लागली त्या दिवशी नांदूरघाटात शेजारच्या काकूंच्या घरी सगळी गल्ली जमलेली. टीव्ही साधाच, काळा-पांढरा. काकू म्हणाल्या, "कपाळाला काय गं हे तुझ्या मायच्या? दादा माघारी आले का काय?" बाया हसल्या. मी मॅट्रिकला, मान वर करवेना. मीच म्हणाले, "बुक्का हाय. देवाचा." त्या पडद्यावर कुणाला कळणार होतं? तू दाराशी उभी होतीस.

घरी भाकरी थापताना माझ्याकडं न बघता म्हणालीस, "कुंकू मला माझ्या मायनं लावलं, परकरात व्हते तवा. तुझा बाप लई मागून आला." मग तवा पुसत, "पण आता तू सांगून बसलीस."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तू देवापुढचा बुक्का लावलास. पुढं जन्मभर लावलास, माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. लोक म्हणायचे, बाई किती देवभोळी. मीही मान डोलवायचे. रोज हरिपाठ म्हणते मी, अन् खोटं झाकायला देवाचाच बुक्का पुढं केला. परवा त्यांना लिहितानाही हात अडला नाही, याची जास्त लाज वाटते. तेव्हा पोर होते, आता नातवंडं आहेत.

पत्रात ते लिहितात, जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रतीतही मूळ रंगाच्या खुणेचे बारीक ठिपके राहून गेलेत, त्यांतून कपाळावर लालच निघतो. तुम्ही सांगितलं म्हणून एका फोटोत काळा ठेवलाय. इतक्या वर्षांनी आठवणीत चूक होते, खरा असेल त्यावर खूण करून पाठवा. भली माणसं, चूक म्हणाली.

लाल फोटोत तू हसतीयेस. काळ्यातही तशीच हसतीयेस, पण तिथं मला बघवत नाही. गावातली मंडळी हे चित्रीकरण देवळात दाखवायचं म्हणतात. तू गेलीस तरी भजनातल्या बाया अजून तुझ्या बुक्क्याचं नाव काढतात. लाल निघाला तर विचारतील, मग इतकी वर्षं बुक्का कावून लावला? त्याचं उत्तर मीच आहे.

खूण अजून केली नाही. खरं सांगते, पेन उचलला की हात काळ्याकडंच जातो. तू एकदा सांग म्हणजे लालवर करीन. उलट टपाली कळव.