मायन्याची जागा

ता. १२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्यावर लगेच लिहायचं कबूल केलं होतं, त्याला दहा दिवस झाले, तेव्हा आधी कान पकडतो. खोली मिळाली आहे. खाली शिंप्याचं दुकान, वर मी. दिवसभर मशीन चालतं, त्याने जमीन थरथरते आणि टेबलावरचा पेला हळूहळू कडेला सरकत जातो. संध्याकाळी मशीन थांबलं की इतकं सुनं वाटतं, की तो आवाजच बरा होता म्हणायची पाळी येते. खिडकीतून समोर एक भिंत दिसते. ताईला सांगा, भिंत चांगली आहे.

गाव म्हणजे एक लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला कॉलेज. रस्त्यावर सगळ्यांना मी कोण ते ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, तर ती इतिहासाच्या सरांची निघाली. ते येऊन नुसते समोर उभे राहिले. उठून दाराजवळच्या खुर्चीत बसलो, ती भूगोलाच्या बाईंची. आता मधली सुट्टी मी प्रयोगशाळेतच काढतो. रसायनशास्त्राला शिकवणारी माणसं दोनच, मी आणि विभागप्रमुख बाई. बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, की वर्षभर मी तात्पुरता आहे, वर्षाअखेरी प्राचार्य कागद बघून कायम करतील, तोवर कागदावर वाईट काही येऊ देऊ नये.

बोलतो तो एकच माणूस, आणि तो तुमच्याच पंथाचा निघाला. आमचे लॅब अटेंडंट. उंच, काटकुळे, आणि बोलणं नळीतून थेंब सोडावेत तसं, म्हणून पोरं त्यांना ब्युरेटकाका म्हणतात. निवृत्तीला आठ महिने उरलेत. परवा त्यांनी कुलपातल्या कपाटातून एक लाकडी डबी काढून दाखवली. आत प्लॅटिनमची मूस, पदार्थ जाळायची चिमुकली वाटी! अकरा वर्षांत ती कोणी तापवली नाही, कारण कोणी मागितली नाही, असं म्हणाले.

तिसऱ्या वर्षाला सहा विद्यार्थी आहेत. मी शिकवतो आणि ते खिडकीकडे बघतात. खिडक्यांवर जुन्या रंगाचे इतके थर चढलेत की त्या उघडतही नाहीत. म्हणून ठरवलंय, येत्या शनिवारी तोच रंग खरवडून त्यांच्यासमोर जाळायचा आणि त्यात काय काय आहे ते काढून दाखवायचं. तेही प्लॅटिनमच्या मुशीत. निदान एकदा तरी माना इकडे वळतील. बाबा, इथे मला फार एकटं वाटतं. हे ताईला वाचून दाखवू नका.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

आपला आज्ञाधारक


ता. १८ जुलै

चि. प्रोफेसर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाचवीत चष्मा लागला तेव्हापासून तुला ही हाक मारतोय. आता खरोखरचा झालास, तर चिडवायला दुसरं नाव शोधायला हवं. तुझं पत्र आज आलं आणि शेवटची ओळ सोडून ताईला वाचून दाखवलं. तिने ती ओळ नंतर स्वतःच वाचली. तिच्यापासून काही लपवून ठेवणं या घरात कोणाला जमलेलं नाही.

आधी कामाचं. खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं असतं. रंगातल्या तेलाचा कोळसा होतो, शिसं सुटं होतं आणि प्लॅटिनमला खातं. एका तापवण्यात बुडाला भोक पडतं. रंग जाळायचा तर चिनी मातीच्या मुशीत जाळ. तू आयुष्यभर कागदावर गणितं करून डॉक्टर झालास, तुला हे ऐकून माहीत असेल, पण मी चौतीस वर्षं तुझ्यासारख्यांच्या मागे बाटल्या धुतल्यात, मी ते भोक पाहिलंय. आज शुक्रवार. हे पत्र उद्या तुझ्या हाती पडणं शक्य नाही. तार करायला निघालो होतो, तर ताई हसायला लागली, की खिडकीच्या रंगासाठी कोणी तार करतं का. म्हणून पायातल्या चपला काढल्या.

आता काकांचं. त्यांना लांबून हाक मारू नकोस, चालत त्यांच्यापर्यंत जा. काय लागणार ते आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दे. आपण वापरलेलं भांडं एकदा आपण विसळून मगच त्यांच्या हाती दे. एवढं केलंस तर तो माणूस तुझ्यावर जीव टाकेल. आणि एकटं वाटतंय म्हणून लाजू नकोस. पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं.

माझी एक इच्छा आहे. एकदा येऊन तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. काही विचारणार नाही.

तब्येतीला जप आणि आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझा बाबा


ता. ९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्या मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, पेपर तपासत होतो. प्रात्यक्षिक झालं. पोरांनी माना वळवल्या. मुशीबद्दल तुम्ही लिहिलंत ते ध्यानात ठेवलं आहे. काकांना चिठ्ठी लिहून देतो, ती ते घडी घालून खिशात ठेवतात.

पेला मी आता जमिनीवरच ठेवतो. बाकी विशेष काही नाही. आपण दोघं एकमेकांना सांभाळून असावं.

आपला


ता. ३० ऑगस्ट

चि. भाऊरायास,
तुझ्या ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं ते चार ओळींचं पत्र बाबांनी चौदा वेळा वाचलं. त्यात वाचण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही, त्यांनाही बहुधा कळलं नसावं, म्हणूनच वाचत असतील. रोज सकाळी मला विचारतात, की मुशीचं काय झालं ते त्याने का लिहिलं नाही. मी म्हणते, त्याला तेवढंच काम आहे का. तरी एका ओळीत कळव बाबा, म्हणजे मी सुटेन.

दुसरं असं, की त्यांनी ट्रंकेतून आपला जुना खाकी कोट काढून इस्त्री करून ठेवला आहे. सहामाहीच्या सुट्टीआधी तुझ्याकडे यायचं म्हणतायत. मी म्हटलं, मुलाच्या वर्गात बसायला अटेंडंटचा कोट कशाला. तर म्हणाले, ब्युरेटकाकांना भेटायचं तर याच कोटात भेटायला हवं. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण तुझं नाव निघालं की चालणं सुधारतं. तारीख कळव.

नीट जेवत जा. माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तरी पत्र लिहीत राहा.

ताई


ता. २१ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईला सांगा, एवढ्यात तुम्ही दोघांनी इकडे यायचं करू नका. इथलं वातावरण बरं नाही.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी झाली. डबी उघडली, तर मुशीच्या बुडाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. किल्ली ब्युरेटकाकांकडे असते, त्यामुळे सगळं त्यांच्यावर आलं. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. मी जुलैत एकदा वापरली होती, तेव्हा मलाही विचारलं. परत दिली तेव्हा मूस चांगली होती, असं मला लेखी द्यावं लागलं. धुताना चुकीच्या आचेवर धरली असेल, असा बाईंचा तर्क. काका एवढंच म्हणाले, की मी ती तापवलेली नाही. मग कोणी, असं प्राचार्यांनी तीनदा विचारलं. काका आपल्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, की ते मला सांगता येणार नाही.

त्यांना निलंबित केलं आहे. सेवापुस्तकात शेरा जाणार. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना असं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. पण नोकरीत असे प्रसंग येतात, तुम्ही तर किती पाहिले असतील. माझ्या कायम होण्याबद्दल बाई आता चांगलं बोलू लागल्या आहेत.

आपला


ता. २८ सप्टेंबर

रसायनशास्त्राचे प्राध्यापक यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपल्या कॉलेजातील मुशीसंबंधी दोन शब्द कळवणं भाग आहे.

धुताना मुशीला भोक पडत नाही. चुकीच्या आचेवर ती काळवंडते, तडकते, पण बुडाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक फक्त शिशाने पडतं. त्या मुशीत अकरा वर्षांत एकदाच शिसं तापवलं गेलं, त्या शनिवारी. आपण डबी मिटूनच परत दिली असणार. त्यांनी ती उघडून पाहिली नसणार, कारण सरांनी मिटून दिलेली डबी आमच्यातला माणूस उघडत नाही. पण तपासणीत भोक दिसलं त्या क्षणी ते कशाचं, हे त्यांना कळलं असणार. मलाही इथे बसल्या जागी कळलं. तरी त्यांनी आपलं नाव घेतलं नाही. यात माझाही एक दोष आहे. तार करायला हवी होती. तो मी मान्य करतो.

एक गोष्ट मी माझ्या मुलांना कधी सांगितली नाही, कारण आपली चूक पोरांना सांगायची लाज वाटते. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, घरात पहिलं मूल यायचं होतं. माझ्या हातून प्रयोगशाळेतला नवा तराजू पडला. माझी नोकरी गेल्यात जमा होती. आमच्या सरांनी फुटतुटीचं रजिस्टर ओढून घेतलं आणि माझ्या नावाच्या जागी लिहिलं, "माझ्या हातून", आणि खाली सही केली. प्राचार्य त्यांना चारचौघांत नको नको ते बोलले. सरांनी ऐकून घेतलं आणि तास घ्यायला गेले. मला त्यावर कधी एका शब्दाने टोकलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, की आपल्याला मुलगा झाला तर त्याला असा प्रोफेसर करायचा. चष्मा निमित्ताला आला. नाव आधीच ठरलेलं होतं.

मागच्या बाकाची इच्छा मी मागे घेत आहे. कोट ट्रंकेत ठेवला आहे.

कळावे.

एक निवृत्त लॅब अटेंडंट


ता. १७ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही तसा मायना लिहिलात, मग मी कोणत्या तोंडाने तीर्थरूप लिहू.

डबी मिटतानाच मी भोक पाहिलं होतं. शिसं प्लॅटिनमला खातं हे पुस्तकात होतं. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या शनिवारी पोरं पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती, त्या आनंदात ते आठवलं नाही. मंगळवारी तुमचं पत्र आलं तेव्हाच सांगितलं असतं, तर नुसता वेंधळेपणा ठरला असता. तपासणीच्या दिवशी मात्र मी भ्यालो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो आणि सही केली. आणि काका माझ्याकडे बघत नव्हते याचं मला बरं वाटलं. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

तुमचं पत्र आल्यावर चार दिवस नुसते तास घेतले. पाचव्या दिवशी काकांच्या घरी गेलो. लाकडाच्या वखारीमागे दोन खोल्या. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, की त्यांनी स्वतःच आधी निवृत्ती मागून घेतली आणि ते मुलीकडे गेले. उशीर झाला होता, बाबा. प्राचार्यांकडे गेलो, खरं काय ते सांगितलं, लेखी दिलं. त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. प्रकरण मिटलंय, ते स्वतःच गेलेत, आता उकरून कॉलेजची शोभा करू नका, असं म्हणाले. मग तोच कागद मी रजिस्टर टपालाने संचालक मंडळाला पाठवला. फुटतुटीच्या रजिस्टरमध्ये जुलैची तारीख घालून "माझ्या हातून" लिहिलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. कायम होण्याची आशा आता नाही.

सांगायचं राहिलं. काकांची किल्ली माझ्याकडे आली. कपाट उघडलं, तर सत्रअखेरपर्यंतच्या सगळ्या प्रयोगांची द्रावणं भरून ठेवलेली होती. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वर्ग, त्यांच्या बारीक अक्षरात. मागच्या रांगेत मी त्यांना दिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या, एका दोऱ्यात ओवून. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो.

टपालवाल्याकडे त्यांनी नवा पत्ता दिला असेल. उद्या विचारतो.

शेवटी काय लिहायचं ते मला कळत नाही.


ता. २४ ऑक्टोबर

पत्र मिळालं. ताईने वाचलं, मग मी वाचलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वरची ओळ कोरी दिसेल. विसरलो नाही, जागा मोजून सोडली आहे. तू रजिस्टरमध्ये लिहिलंस ते लिहायलाच हवं होतं, त्याबद्दल मी शाबासकी देणार नाही. तुझी नोकरी राहिली तर राहिली, गेली तर घर आहे. पण ज्याचं नाव खराब झालं तो माणूस परक्या गावात मुलीच्या दारात बसला आहे. तिच्या घरच्यांना त्याने काय सांगितलं असेल, याचाच विचार मी दिवसभर करतो.

पत्ता मिळाला की आधी मला पाठव. त्यांना मी लिहिणार आहे, या मुलाचा बाप म्हणून. त्यांच्या पत्राचा मायना लिहून तयार आहे, पुढचं काही सुचत नाही. तूही लिही, पण माफी मागितल्यावर त्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. उत्तर द्यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर आहे.

हे पत्र जपून ठेव. त्यांचं उत्तर आलं, तर घरी येशील तेव्हा घेऊन ये, वरची ओळ तुझ्यासमोर भरीन. नाही आलं, तर ती तशीच राहू दे.

बाबा