चौदा नंबरचा ट्रे

जव्हार, १२ ऑगस्ट

प्रिय उमेश,

तुझा वसईचा पत्ता तुझ्या वहिनींकडून घेतला. जामसरला तुमच्या घरी गेले तेव्हा त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नऊ महिन्यांनी सवड झाली वाटतं मॅडमना?” मी म्हटलं, पत्ता द्या. त्यांनी पत्ता दिला आणि वर चहाही दिला. साखर जास्त होती, मी पिऊन टाकला. फोन करता आला असता. पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला “असू दे” म्हणाला असतास आणि मी तिथेच थांबले असते. कागदाला तसं अडवता येत नाही.

तुला रोपवाटिकेतून काढलं ते चौदा नंबरच्या ट्रेमुळे, आणि माझ्या अहवालातल्या एका वाक्यामुळे. पुढचं बरंचसं तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. क्रम सुटला की मी स्वतःला सूट देते, हे गेल्या वर्षात माझ्या लक्षात आलं आहे.

मोखाड्याचा रस्ता रुंद करताना वीस मोह तोडले. उरलेल्या बुंध्यांना फुटवे आले, त्यांच्या काड्या आपण घेतल्या. प्रत्येक झाडाच्या साठ, झाडाच्याच नंबरच्या ट्रेत. एकच वाळू, मुळ्या फुटायचं एकच संजीवक, तुषारांचं एकच मिस्ट चेंबर. सगळं सारखं ठेवलं की जो फरक उरतो तो झाडाच्या आतला, वारशाने आलेला असतो. सहा नंबरच्या काड्यांना पांढऱ्या मुळ्यांचा झुपका सुटला. चौदा नंबरच्या काड्यांच्या टोकाला नुसती गाठ धरली आणि मुळी एकीलाही आली नाही. दोन्ही झाडं साखरशेतच्या एकाच बांधावरची, पन्नास पावलांच्या अंतरातली. तू ट्रे उचलून उजेडात धरला होतास आणि म्हणालास, “हा गडी हट्टी दिसतो.” मी म्हटलं होतं, हट्ट नाही, जनुकं. तू हसलास. तुझ्या हसण्याची नोंद मी तेव्हा ठेवली नाही, पण आठवते.

चौदा नंबर कोंडीमावशीच्या घरचा मोह. तिच्या सासऱ्यापासून त्याची फुलं त्यांनीच वेचायची, हे गावात कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. झाड गेलं आणि पुढच्या महिन्यात ती आपल्याकडे रोजावर आली. त्या ट्रेला मी शून्य लिहिलं तेव्हा ती शेजारी पिशव्या भरत होती. तिला वाचता येत नाही, पण शून्य कळतं. “माझेच झाडाला भोपळा दिलास ना बाय?” म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी फक्त “निकाल आहे तो” एवढंच म्हटलं होतं.

जुलैत आपण काड्या पुन्हा लावल्या. सप्टेंबरच्या मोजणीत चौदा नंबरच्या साठात तेवीस काड्यांना मुळ्या. मी तीनदा मोजलं. संजीवकाची मात्रा वाढवली म्हणून झालं, असं मी मानलं. वारसा काहीही असो, योग्य मात्रा दिली की त्यावर मात करता येते, असं लिहिलं आणि पुण्याच्या परिषदेत उभी राहून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. तू तेव्हा पाठवलेला ट्रेचा फोटो अजून फोनमध्ये आहे. त्यात ट्रेपेक्षा तुझा अंगठाच मोठा आला आहे.

ऑक्टोबरात पानांचे डीएनए अहवाल आले. तेवीसच्या तेवीस रोपं सहा नंबरची निघाली. त्यात चौदा नंबरचं एकही नव्हतं.

चौकशीसाठी मी जे लिहून दिलं ते एकच वाक्य होतं: “ट्रेच्या पाट्या व नोंदी श्री. उमेश यांच्या ताब्यात होत्या.” वाक्य खरं होतं. म्हणूनच ते लिहायला जड गेलं नाही. तू आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालास, “एकदा रोजावरच्या बायांना विचारून बघ.” मी म्हटलं, त्यांचा यात काय संबंध? मला वाटत होतं की पाट्यांची अदलाबदल झाली आणि ती तू केलीस. माझा निकाल चांगला यावा म्हणून केलीस, असं मी मनात धरून चालले होते. तुझ्यावर एवढा विश्वास होता की तू माझ्यासाठी खोटंही करशील असं मला वाटलं. तू तसं करणार नाहीस एवढा नव्हता. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

त्यानंतर तू गेलास. आपलं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, ते मोडलं असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. तारीख आली तशी गेली. मी त्या दिवशी पिशव्यांना पाणी दिलं, दुपारी डबा खाल्ला, भाजी वालाची होती. मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आताही येत नाही. बधीर झालेल्या जागेला टोचलं की टोचल्याचं कळतं, दुखत नाही, तसं काहीसं.

गेल्या गुरुवारी मी साखरशेतला बुंध्यांची मापं घ्यायला गेले. कोंडीमावशी उतारावरच्या तुकड्यात नागलीच्या नांग्या भरत होती. जिथे रोप मेलं असेल तिथे दाट जागेतलं एक उपटून रोवायचं, अंगठ्याने माती दाबायची आणि पुढे सरकायचं. तिच्यासोबत फागी होती, तिची सून. मला बांधावर उभी बघून फागी म्हणाली, “मॅडम आल्या मोजायला. आई, पाय आवरा, नायतर पायालाबी नंबर लावतील.” दोघी हसल्या. मग मावशीने हातातली मूठ माझ्याकडे केली. “ये की. येतं ना तुला? का तुमच्या टरेतल्याबी मीच भरायच्या, नि इथल्याबी मीच?”

मी विचारलं, ट्रेतल्या कुठल्या?

“त्याच. सायेब लोक यायचे होते, तवा तूच बोलली होतीस ना, टरेत खाली जागा दिसली नाय पायजे. माझेच झाडाचा टरे निम्मा मेलेला. मग त्या बाजूच्या दाट टरेतली काढून भरली. चांगली जगली ना?”

मोजणीच्या आधी साहेब लोक पाहणीला येणार होते तो दिवस मला आठवला. सकाळी साडेआठला मी दारातून आत डोकावून ते वाक्य बोलले होते, कुणाकडे न बघता. मला म्हणायचं होतं की अर्धे रिकामे ट्रे मागे सरकवा. शेतात जन्म गेलेल्या बाईला त्याचा दुसरा अर्थ लागूच शकत नव्हता. मेलेल्याच्या जागी जिवंत रोप लावणं ही तिच्या लेखी लबाडी नाही, ते न करणं हा आळस आहे. आणि आमच्याकडे रिकामी जागा हीच माहिती असते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मग बांधावर बसून सांगितलं. तिच्या झाडाला मुळ्या फुटत नाहीत हेच मला हवं होतं, सहा नंबरला फुटतात आणि त्याला नाहीत, तो फरक त्यांच्या बियाण्यातून, आईबापांकडून आलेला आहे, म्हणून तिचं शून्य माझ्या वहीतला सगळ्यात मोलाचा आकडा होता. ती ऐकत होती. म्हणाली, “म्हंजे आंग चांगला, पन मुळी धरायचा गुनच नाय. आमचा सासरा तसाच होता, एका जागी टिकला नाय.” फागी तोंडाला पदर लावून हसली. मग मी तुझं सांगितलं. मावशीचा हात मातीतच राहिला. “माझे हातानं झाला नि त्या पोराला काढला?” एवढंच म्हणाली, आणि उठून चालायला लागली. जव्हारला येते, अंगठा देते, म्हणत होती. मी तिला परत बसवलं. अंगठा तिचा नाही, सही माझी लागते.

ती सही मी सोमवारी केली. सूचना माझी होती, अर्थ चुकला तो माझ्या अर्धवट बोलण्याने, आणि चौकशीत बायांना विचारायचं नाकारलं तेही मीच, असं एका पानात लिहिलं. परिषदेचा निबंध मागे घेण्याचंही कळवलं. प्रकल्पप्रमुखांनी कागद वाचून उलटा ठेवला. म्हणाले, “हर्षदा, कशाला उकरता? तुमच्या नोकरीची मुदतवाढ अडकेल. उमेशला आपण परत घेऊ ना. त्याने फक्त निष्काळजीपणा झाला असं लिहून द्यावं, म्हणजे सगळ्यांचंच मिटेल.” ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. मी माझा कागद सुलटा केला आणि आवक विभागात देऊन पोच घेतली.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे. या आठवड्यात तुला कार्यालयाचं पाकीट येईल. आत एक छापील कागद असेल, तुझं नाव घातलेला, खाली सहीची जागा. भाषा मऊ असेल आणि सोबत कामावर हजर होण्याची तारीख असेल. वहिनी म्हणाल्या, तिकडच्या पॅकिंगच्या कामाने तुझी पाठ धरते, म्हणून ती तारीख तुला बरी वाटेल. उमेश, सही करू नकोस. तू सही केलीस की माझ्या पानाला अर्थ उरत नाही आणि ती चूक कायमची तुझी होते. माझ्या अर्जाची आणि पोचेची प्रत सोबत जोडली आहे. त्यांना तीच दाखव आणि लेखी उत्तर माग. तू परत येशील तेव्हा मी इथे असेन की नाही, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. त्याचा विचार करून काही ठरवू नकोस.

तुझीच, अजून तरी,
हर्षदा